उतरताना थेट वाट की नागमोडी वाट? पाठीवर सॅक असताना निर्णय कसा घ्यावा

चढताना सहसा कुणी वाटेशी वाद घालत नाही. दम लागलेला असतो; वाट वळेल तसे पाय वळतात. उतरताना गोष्ट बदलते. खालचा ओढा, मुक्कामाची जागा, कधी तर गाडीरस्ताच दिसत असतो, आणि वाट मात्र डावीकडे लांबवर जाते, वळते, उजवीकडे तितकीच लांब येते आणि पुन्हा वळते. मध्येच दोन वळणांना जोडणारी, सरळ खाली गेलेली मातीची उघडी रेघ दिसते. कुणीतरी इथून गेलंय, म्हणजे जाता येत असणार, असं मन लगेच म्हणतं.

हा लेख मुक्कामाची मोठी सॅक पहिल्यांदाच पाठीवर घेऊन डोंगर उतरणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ओझं असताना नवख्याने नागमोडी वाट हीच आपली वाट धरावी, आणि ती सोडायची तर सोडण्यासाठी ठोस कारण हवं. थेट उताराने अंतर नक्की वाचतं. वेळ आणि पायांची ताकद वाचेलच असं नाही. बऱ्याचदा दोन्ही जास्तच खर्च होतात. हे पटवून घ्यायला अनुभवाची वाट पाहायची गरज नाही, हिशेब पुरतो.

पहिली पायरी: ही वाट आहे की नुसती रेघ?

'शॉर्टकट' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली म्हणजे एकाच नागमोडी वाटेची दोन वळणं तोडून खाली गेलेली रेघ. ही वाट नव्हे. कुणी जमीन पाहून ती आखलेली नाही. घाईतल्या पायांनी गवत मेलं, मग पावसाचं पाणी त्यातून धावलं आणि खाच पडली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच ठिकाणी उतरणारी पण स्वतंत्र, आखलेली आणि नकाशावर असलेली उभी वाट. पहिलीच्या बाबतीत निर्णय घेण्यासारखं काही नाही: ती घ्यायची नाही. लेखातला बाकीचा विचार आहे तो दुसरीसाठी.

पहिलीला इतक्या ठामपणे नाही म्हणण्याचं कारण पाण्यात आहे. डोंगरात वाट बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे की वाटेचा उतार हा ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार ४० टक्के असेल तर वाट २० टक्क्यांच्या आत हवी. असं केलं की पाऊस वाट आडवी ओलांडून खाली निघून जातो. वाट उताराच्या दिशेने सरळ सोडली की पाणी वाटेवरूनच धावू लागतं, माती नेतं, दगड उघडे पाडतं आणि वाटेची नाली होते. वळण तोडणारी रेघ नेमकी तशी असते. शिवाय ती खालच्या पट्ट्यात (दोन वळणांमधल्या वाटेच्या तुकड्यात) जिथे उतरते तिथे नीट बांधलेल्या वाटेची कडही कुरतडते. म्हणजे दहा-पंधरा पावलं वाचवताना आपण सगळी वाटच मोडायला हातभार लावतो. झाडोरा विरळ असलेल्या उंच, थंड प्रदेशात अशी जखम भरून यायला फार वर्षं लागतात.

दुसरं कारण माणसांचं. नागमोडी वाटेवर तुमच्या बरोबर खाली, त्याच उतारावर, दुसरी माणसं चालत असतात. रेघेवरून निखळलेला दगड त्यांच्याच डोक्यावर जातो.

म्हणूनच अनेक संरक्षित क्षेत्रांत याला मनाई आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत, जिथे आखलेल्या वाटेवरूनच चालण्याचं बंधन घातलं आहे तिथे, वाट सोडून तिचेच दोन भाग जोडणारा शॉर्टकट घेणं हा नियमभंग ठरतो. निसर्गात आपली खूण न सोडता वावरण्याच्या 'लीव्ह नो ट्रेस' या आचारसंहितेच्या सात तत्त्वांपैकी दुसरं तत्त्व टिकाऊ पृष्ठभागावरूनच चालावं आणि मुक्काम करावा असं सांगतं, त्यातही हेच अभिप्रेत आहे.

रेघ ओळखायची कशी? नकाशावर नसते. तिच्यावर रंगाच्या खुणा किंवा दगडांच्या ढिगाऱ्या नसतात. अनेकदा तिच्या तोंडाशी फांद्या, ओंडका किंवा दगडांची रांग आडवी टाकलेली असते. नवखे लोक हा अडसर वाऱ्याने पडलेला समजून ओलांडतात. तो 'इकडून नको' असं सांगायला मुद्दाम ठेवलेला असतो. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: वळणावर खाली मान घालून चालणारा माणूस वळण न घेता सरळ पुढे जातो आणि अशा रेघेवर कळायच्या आत उतरतो. पायाखालची वाट अचानक अरुंद, उभी आणि भुसभुशीत झाली तर थांबा, मागे वळून वर बघा. वळण बहुधा वीस-तीस पावलं मागेच राहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रकाराचं चांगलं उदाहरण ग्रँड कॅन्यनमध्ये आहे. दक्षिण कड्यावरून कोलोरॅडो नदीकाठच्या मुक्कामाकडे उतरायला दोन प्रसिद्ध वाटा आहेत. साउथ कायबॅब वाट सुमारे ११ किलोमीटरमध्ये १४५० मीटर उतरते. ब्राइट एंजल वाट १५-१६ किलोमीटरमध्ये १३३५ मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर पहिलीचा उतार १३ टक्के, दुसरीचा ९ टक्क्यांच्या आत. साउथ कायबॅबवर मध्ये पाणी नाही आणि सावलीही नावालाच; ब्राइट एंजलवर काही ठिकाणी हंगामानुसार पाणी मिळतं. इथे दोन्ही वाटा खऱ्या आहेत, दोन्ही राखलेल्या आहेत, आणि निवड करायला हरकत नाही. आकडेही पाहून ठेवा: जी वाट 'उभी' म्हणून ओळखली जाते तिची सरासरी १३ टक्के आहे. वळणं तोडणाऱ्या रेघा सहज ४०-५० टक्क्यांच्या असतात.

दुसरी पायरी: वेळेचा हिशेब मांडा

टक्के म्हणजे काय ते आधी. नकाशावर १०० मीटर आडवं जाताना १० मीटर खाली आलात तर उतार १० टक्के, अंशांत सुमारे ६. तीस टक्के म्हणजे १७ अंश, पन्नास टक्के म्हणजे २७ अंश. शंभर टक्के म्हणजे ४५ अंश. ती चालण्याची जागा नव्हे.

वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये चालण्याचा वेग आणि उतार यांचं एक सूत्र मांडलं. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ याच्या नोंदींवर ते बेतलेलं आहे. या सूत्राप्रमाणे माणूस सर्वात वेगाने चालतो तो सपाटीवर नव्हे, तर साधारण ५ टक्क्यांच्या हलक्या उतारावर, ताशी ६ किलोमीटरने. उतार त्याहून वाढला की वेग झपाट्याने पडतो, कारण पाय पुढे टाकण्यापेक्षा स्वतःला थोपवण्यातच जास्त कष्ट जातात.

आता ३०० मीटर खाली यायचं आहे असं धरू. १० टक्क्यांची नागमोडी वाट ३ किलोमीटरची होईल, आणि सूत्राप्रमाणे सुमारे ३६ मिनिटं लागतील. ३० टक्क्यांची थेट वाट एकच किलोमीटर, २४ मिनिटं. अंतर एक तृतीयांश झालं, वेळ मात्र एक तृतीयांशानेच घटला. आणखी उभी, ५० टक्क्यांची घेतली तर अंतर ६०० मीटर, पण वेळ २९ मिनिटं! म्हणजे अंतर कमी होऊनही वेळ वाढला. या सूत्रातून निघणारी सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे: साधारण २९ टक्के, म्हणजे १६ अंश, यापलीकडे उतार जितका उभा तितकं खाली पोचायला उशीर.

हे सगळं मळलेल्या वाटेसाठी. वाट सोडून चालताना टोब्लर वेग सहादशांश धरतो. मग ३० टक्क्यांच्या त्याच उतारावर, पण वाट नसलेल्या जमिनीवर, २४ ची ४० मिनिटं होतात आणि ५० टक्क्यांवर ४८. नागमोडी वाटेची ३६ मिनिटं यापेक्षा कमी आहेत. पाठीवर सॅक नसतानाची ही स्थिती; ओझं असताना उभ्या उतारावरचा वेग आणखी पडतो, कारण प्रत्येक पावलाला थांबवायचं वजन वाढलेलं असतं.

तोंडी हिशेबासाठी जुना नियम सोपा पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चढाईच्या वेळेचा ठोकताळा दिला, आणि पुढे एरिक लँगम्युअरने त्यात उताराची भर घातली: तेवढंच अंतर सपाटीवर चालायला लागणारा वेळ धरा, मग ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं वजा करा, १२ अंशांहून उभ्या उतारावर दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवा. वेगळ्या काळात, वेगळ्या पद्धतीने आलेले हे दोन हिशेब एकच सांगतात, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

ताकदीचंही तेच. आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत चालताना प्रत्येक मीटरमागे शरीराचा खर्च सर्वात कमी भरला तो साधारण १० टक्क्यांच्या उतारावर. त्याहून उभ्यावर खर्च पुन्हा चढत जातो. चांगली नागमोडी वाट जवळपास याच उताराची असते.

तिसरी पायरी: निघण्याआधी नकाशावर उतार मोजा

निर्णय वरून खाली बघत घ्यायचा नसतो, आदल्या रात्री नकाशावर घ्यायचा असतो. थकलेलं शरीर जवळची वाट निवडतंच.

१:५०,००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतील आणि १ सेंटिमीटरमध्ये पाच रेषांचा उतार मावत असेल तर १०० मीटर उतरणं झालं, म्हणजे २० टक्के. दहा रेषांचा मावत असेल तर ४० टक्के, सुमारे २२ अंश. तिथे नवख्याने ओझं घेऊन थेट उतरायचा विचार सोडून द्यावा. मोबाइलमधल्या नकाशातही रेषांचं अंतर किती मीटरचं आहे ते आधी पाहा. प्रत्येक ॲपमध्ये, कधी कधी झूम बदलला तरी, ते वेगळं असतं.

नकाशा काय सांगत नाही हेही तितकंच महत्त्वाचं. रेषा २० मीटरच्या असतील तर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. कागदावर उतार सगळीकडे सारखा दिसतो आणि प्रत्यक्षात मध्येच तुटलेला असतो. नागमोडी वाट आखणाऱ्याने तो कडा पाहिलेला असतो. वाट एका बाजूला विनाकारण लांब गेल्यासारखी वाटते, तेव्हा ती बहुधा अशाच एखाद्या तुटीला वळसा घालत असते.

रेषांची ठेवण वाचायला शिका. वरच्या बाजूला रेषा विरळ आणि खाली दाट होत गेल्या असतील तर तो फुगीर उतार. वर उभं राहिलं की पहिली पन्नास पावलं सोपी दिसतात आणि पुढचं काही दिसतच नाही, कारण जमीन नजरेआड वाकलेली असते. सर्वात फसवा उतार हा. वर दाट आणि खाली विरळ असेल तर उतार पोटात खोलगट. अवघड भाग सुरुवातीलाच येतो आणि शेवटपर्यंत सगळं दिसतं. एकवेळ हा परवडतो.

आणि ओढ्याच्या पात्रातून, घळीतून थेट खाली? नाही. पाणी खाली जातंच, मग आपणही जाऊ, हा तर्क सरळ वाटतो. पण पाण्याला धबधब्यावरून उडी घ्यायला काही वाटत नाही. कोरड्या घळीत टप्पे येतात, एक टप्पा कसाबसा उतरता, पुढचा जास्त उंच निघतो, आणि मागचा ओझ्यासकट चढता येत नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये अडकणं हे डोंगरातलं अतिशय धोक्याचं अडकणं आहे. पाऊस आला तर त्याच घळीत पाणी आणि दगड दोन्ही येतात. घळीतून जाणारी माहितीची, नकाशावरची वाट असेल तर तीही माहितगार सोबत असतानाच घ्यावी.

चौथी पायरी: जमीन पायाने वाचा

नकाशाने परवानगी दिली तरी शेवटचा शब्द जमिनीचा. वाटेच्या तोंडाशी सॅक उतरवून ठेवा आणि रिकाम्या पाठीने पाच-दहा मीटर खाली जाऊन या. एवढ्याने बरंच कळतं.

घट्ट मातीवर दगडी पायऱ्या असतील, मध्ये गवताची घट्ट मुळं असतील, तर पाय टिकेल. कठीण जमिनीवर बारीक खडे पसरलेले असतील तर तो घसारा, आणि सॅक असताना मला सर्वात जास्त भीती वाटते ती याच जमिनीची. दिसायला किरकोळ, पण बुटाखालचे खडे गोळ्यांसारखे फिरतात आणि खाली धरायला काही नसतं. मोठ्या खोलीचा, सैल खड्यांचा उतार त्यामानाने बरा, कारण टाच आत रुतते. पण असे खडे साधारण ३५ अंशांच्या आसपास जेमतेम तोलून थांबलेले असतात, म्हणजे त्या उतारावर तुम्ही पाय ठेवताच सगळं हलायला लागू शकतं. ओलं गवत, ओली पानं, शेवाळलेला कातळ आणि झाडांची ओली मुळं: यातलं एकही असेल तर उभी वाट रद्द. कडक बर्फाचा उतार असेल तर नवख्यासाठी तो विषयच नाही. बर्फकुऱ्हाड आणि तिने घसरण थांबवण्याचा सराव असल्याशिवाय त्यावर थेट उतरू नये.

मग उलटी परीक्षा घ्या. जेवढं खाली गेलात तेवढं परत वर चढा, हात न लावता. सहज जमलं तर पुढे विचार करू. धापा टाकत, गवत धरत यावं लागलं तर निर्णय झाला. पुढे वाट बंद निघाली तर हेच अंतर, याच जमिनीवर, पूर्ण ओझ्यासकट परत चढायचं आहे. जिथून परतता येत नाही तिथे उतरू नये, हा नियम मी कुठल्याही हिशेबाच्या वर ठेवतो.

तळ दिसतो का तेही पाहा. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पूर्ण रेषा दिसत नसेल, आणि वाट माहितीची नसेल, तर 'पुढे जाऊन बघू' असं म्हणू नये.

पाचवी पायरी: पाय, सॅक आणि उजेड

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू एक विचित्र काम करतात. ते ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला थोपवतात. चढण्यापेक्षा यात दम कमी लागतो, म्हणून आपण थकलोय हे कळत नाही. स्नायूंच्या तंतूंना मात्र यातच जास्त इजा होते. त्या इजेचं दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांत कधीतरी टोकाला जातं. उभ्या वाटेची किंमत अशी उद्या वसूल होते, आणि कित्येक दिवसांच्या भटकंतीत उद्याही चालायचंच असतं.

म्हणून उभी वाट निवडण्याआधी स्वतःला काही गोष्टी विचारा. आज आधीच किती उतरलोय? गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय का? एका पायावर उभं राहून दुसरा सावकाश खाली टेकवताना मांडी थरथरते का? थरथरत असेल तर ब्रेक संपत आलेत. अशा पायांना लांब पण मंद वाटच द्या.

सॅक जड असेल तर दोन गोष्टी बिघडतात. तोल वर सरकतो, आणि उंच पायरी उतरताना सॅकचा तळ मागच्या दगडाला टेकून तुम्हाला पुढे ढकलतो. ही ढकल छोटी असते पण वेळ वाईट असते. एक पाय हवेत असतो. जड सामान पाठीला चिकटून आणि मध्यावर भरा, कमरेचा पट्टा घट्ट करा, खांद्याच्या वरचे ओढपट्टे ताणून सॅक अंगाजवळ घ्या. बाहेर लोंबणारी भांडी, चटई, ओले कपडे आत टाका.

उजेडाचा हिशेब सरळ आहे. अंधार पडत आला म्हणून थेट उतरायचा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच ते करू नये. उशीर झाला असेल तर नागमोडी वाटेवर बॅटरी लावून चालणं कितीतरी सुरक्षित. कपाळावरच्या बॅटरीने जमीन सपाट दिसते, कारण सावल्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती काढून हातात, कमरेच्या उंचीवर धरली की खड्डे आणि पायऱ्या उठून दिसतात.

गटात असाल तर निर्णय सर्वात कच्च्या पायांचा. अर्धे इकडून, अर्धे तिकडून, असं कधीही करू नका.

नागमोडी वाट नीट उतरायची तर

लांब वाट म्हणून तिच्यावर भराभर चालून वेळ भरून काढायचा प्रयत्न केला तर गुडघे तसेच दुखतील. पावलं लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पूर्ण तळवा टेका. मागे रेलू नका. भीतीने शरीर मागे जातं, वजन टाचेवर येतं आणि पाय पुढे निसटतो. छाती पावलांच्या वर राहू द्या.

वळणावर आतला कोपरा सर्वात उभा आणि सर्वात झिजलेला असतो. बाहेरून, मोठा फेरा घेऊन वळा. दोन पावलं जास्त पडतात, पण गुडघ्याला झटका बसत नाही आणि वाटेचा कोपराही टिकतो. थांबायचं असेल तर पट्ट्याच्या मध्ये न थांबता वळणाजवळच्या रुंद जागेत, डोंगराच्या बाजूला थांबा. वर येणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

काठ्या असतील तर उतरताना त्या ५ ते १० सेंटिमीटरने लांब करा आणि पायाच्या आधी खाली टेका. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, २५ अंशांच्या उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यावर येणारा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाल्याचं मोजलं गेलं. दोन काठ्या घ्या, एक पुरत नाही. पण खडकाळ जागी मनगट पट्ट्यातून मोकळं ठेवा, म्हणजे काठी अडकली तर हात अडकणार नाही.

उतरण सुरू होण्याआधी बूट पुन्हा बांधा, घोट्यापाशी घट्ट, बोटांपाशी सैल. पाय पुढे सरकून बोटं बुटाला आपटत राहिली की नखं काळी पडतात. नखं घरूनच कापून निघा.

उभी, खरी वाट घ्यायचं ठरलंच तर

सगळ्या परीक्षा पार पडल्या, वाट नकाशावर आहे, जमीन कोरडी आहे, तळ दिसतोय, परतता येतंय, पाय ताजे आहेत. मग जा, सावकाश.

एकामागे एक सरळ रेषेत उतरू नका. सैल दगड असतील तर एक जण सुरक्षित आडोशाला पोचेपर्यंत दुसऱ्याने सुरू करू नये, किंवा सगळ्यांनी इतकं जवळ राहावं की निखळलेल्या दगडाला वेग घ्यायला वावच मिळणार नाही. दगड सुटला तर लगेच, जोरात 'दगड!' ओरडा. खालच्याने वर न बघता डोकं सॅकच्या आड घ्यावं.

वाट रुंद असेल तर तिच्याच हद्दीत डावी-उजवीकडे तिरकं उतरा. रुतणाऱ्या खड्यांवर टाच आधी, गुडघा किंचित वाकवून, ठामपणे रोवा. कातळावर उलट करा: तळवा पूर्ण टेका, म्हणजे बुटाच्या रबराची पकड मिळते. उंच पायरी आली तर आधी बसा, मग पाय सोडा. त्याहून उंच असेल तर तोंड डोंगराकडे करून शिडी उतरल्यासारखं उतरा. सॅक आधी फेकून देऊ नका. ती घरंगळली की तंबू, पाणी आणि उबदार कपडे सगळं जातं. हातातून हातात द्या किंवा दोरीने सोडा, आणि दोन्ही जमत नसेल तर ती जागा आपल्यासाठी नाही.

मध्येच वाट बिघडली तर

पाय सलग दोनदा घसरला, वाट दिसेनाशी झाली, किंवा पुढे नुसती पोकळी दिसली, की थांबा. यातलं एकही पुरेसं आहे. बसून सॅक डोंगराच्या बाजूला ठेवा, पाणी प्या आणि आलात ती रेषा नजरेने शोधा. इतकं उतरलोय, आता परत कोण चढणार, हा विचार येतोच. चढणं दमवतं, पण हात-पाय जमिनीला धरून असतात आणि पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली, न दिसणारी असते. शिवाय वर एक माहीत असलेली वाट आहे, खाली फक्त अंदाज आहे. शंभर मीटर उंची परत चढायला ओझ्यासकट वीस-पंचवीस मिनिटं धरा. ती वेळ निघतानाच हिशेबात ठेवलेली असली की परतणं जड जात नाही.

नागमोडी वाट आडवी कुठेतरी जवळच असेल म्हणून तिरकं कापत जाणंही टाळा. तीच जमीन, तोच घसारा, आणि आता उताराला आडवं चालायचं. आलात त्याच रेषेने वर जा, सोडलेल्या जागी पोचा, आणि तिथून वळणाची वाट धरा.

मुक्कामाला पोचल्यावर बूट काढून बोटं आणि टाचा पाहा, लाल झालेली जागा फोड येण्याआधीच पट्टीने झाका. दुसऱ्या दिवशीही मोठा उतार असेल तर रात्रीच नकाशा पुन्हा उघडा आणि त्या दिवसाचा वेळ ताज्या पायांच्या नव्हे, दुखऱ्या मांड्यांच्या वेगाने धरा. सकाळी जिने उतरल्यासारखी दहा-बारा पावलं टाकून पाहा. मांडी आखडलेली असेल तर उभ्या वाटेचा पर्याय त्या दिवसापुरता यादीतून काढा आणि तासभर लवकर निघा.